शुगर आहे, मग दाढेला हात लावू की नको?

"मॅडम, शुगर असताना दात काढला तर जखम भरती का?" मधुमेहाच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न हमखास येतो, पण कधी पहिला येत नाही. आहाराचं बोलून होतं, पायांची काळजी, इन्सुलिन कुठे टोचायचं, सगळं होतं आणि पिशवी उचलता उचलता माणूस हळूच दाढेचं काढतो. शुगरच्या दवाखान्यात दाताचं बोलणं आगाऊपणाचं होईल असं बहुतेकांना वाटतं.

उत्तर साधं आहे. भरते. शुगर बऱ्यापैकी आटोक्यात असेल तर इतरांसारखीच भरते, चढलेली असेल तर उशीर लागतो आणि पू होण्याचा धोका वाढतो. पण एवढं सांगून कुणी डेंटिस्टकडे जात नाही, कारण या प्रश्नामागे प्रत्येकाच्या घरातली एखादी गोष्ट असते. ती बाहेर आल्याशिवाय माझ्या 'भरते'ला काही किंमत नसते.

सांगली जिल्ह्यातल्या एका मावशींचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 55 च्या आसपास, मधुमेह 9 वर्षांचा. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, 9.6 आली होती. त्यांच्यासारख्यांना आम्ही 7 च्या आसपास ठेवायला सांगतो. गोळ्या दोनदा वाढवून झाल्या होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'आहार पुन्हा समजावा' असं लिहून माझ्याकडे पाठवलं. सोबत मुलगा होता, त्याने बसायच्या आधीच निकाल दिला, "आई चोरून खाती, दुसरं काय."

"गोडाला शिवत न्हाई मी," मावशी म्हणाल्या. "परसादाचा कण बी न्हाई."

'तुम्ही काय खाता' असं मी विचारत नाही. तसं विचारलं की लोक काय खायला हवं ते सांगतात. काल सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं, तेवढंच विचारते. मावशींचा कालचा दिवस असा होता: सकाळी बिनसाखरेच्या चहात बुडवून चार खारी. दुपारी भात आणि आमटी. चारला परत चहा, त्यात टोस्ट. रात्री मऊ खिचडी. गोड खरंच नव्हतं. पण दिवसभरात भाकरीचा तुकडाही नव्हता.

शाळूच्या पट्ट्यातली बाई भाकरी सोडते म्हणजे काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणाल्या, "चावत न्हाई ओ. डावीकडं कळ मारती, उजवीकडच्या दोन दाढा हालत्यात." काकडी बंद, शेंगदाणे बंद, पालेभाजी दातांत अडकते म्हणून तीही बंद. मग उरतं काय? भात, मैदा आणि चहा. आम्ही हातात देतो त्या छापील आहारपत्रकात भाकरी, उसळ, कोशिंबीर अगदी ठळक अक्षरांत असते, पण हे चावायला तोंडात दात आहेत का, हा रकाना मी अजून एकाही पत्रकात पाहिलेला नाही. मुलगा गप्प झाला. एकाच घरात जेवूनही त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

मी दातांची डॉक्टर नाही. तोंड तपासणं माझं काम नव्हे. पण चार गोष्टी विचारता येतात. दात घासताना रक्त येतं का? तोंडाला वास येतो का, सकाळी घाण चव असते का? दात पूर्वीपेक्षा लांब दिसायला लागलेत का किंवा त्यांच्यात फटी पडल्यात का? रात्री तोंडाला कोरड पडून जाग येते का? मावशींनी सगळ्यालाच मान डोलावली. मग मुलाला औषधं आणायला खाली पाठवलं आणि मिसरीचं विचारलं, कारण ते मुलासमोर कोणी सांगत नाही. लावत होत्या. लग्नाआधीपासून, दिवसातून तीनदा. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर घासली की ठणका थोडा वेळ दबल्यासारखा वाटतो, म्हणून दात दुखायला लागल्यापासून जास्तच.

डेंटिस्टकडे त्या गेल्या नव्हत्या असं नाही. मागच्या वर्षी गेल्या होत्या. त्या दिवशी शुगर 280 निघाली, तेव्हा त्यांनी 'शुगर कमी करून या' म्हणून परत पाठवलं. सांगणं चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. मावशींनी त्याचा अर्थ घेतला की शुगर नॉर्मल होईपर्यंत दातांना हात लावायचा नाही. इकडे शुगरच्या डॉक्टरांना दातांचं कुणी सांगितलंच नाही. म्हणजे दात शुगर उतरायची वाट बघत होते आणि शुगर ज्या कारणांनी उतरत नव्हती, त्यातलं एक ते दातच होते. असे अडकलेले पेशंट मी इतके पाहिलेत की आता शुगर उगाच चढलेली दिसली की आधी तोंडाचं विचारते.

आणि मग ती घरातली गोष्ट निघाली. "धाकट्या दिराचं बघितलंय की आम्ही. दात काढला आन् वरचा जबडाच काढावा लागला."

कधी, असं विचारलं. 2021, करोनाची दुसरी लाट. दिराला मधुमेह, करोनात स्टेरॉइडची इंजेक्शनं, घरी आल्यावर पंधरवड्यात वरचे दात हलायला लागले, गाल सुजला, एक दात काढला आणि मग मोठ्या रुग्णालयात म्युकरमायकोसिस, लोक काळी बुरशी म्हणायचे तो, निघाला. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात हा आजार किती घरांत शिरला ते इथे सगळ्यांना आठवतं. घरच्यांच्या डोक्यात क्रम असा बसला: दात काढला, म्हणून जबडा गेला. खरा क्रम उलटा आहे. बेसुमार चढलेली शुगर आणि स्टेरॉइड यांमुळे बुरशीला वाट मिळाली, ती सायनसमधून वरच्या जबड्याच्या हाडात उतरली, हाड मरायला लागलं आणि म्हणून दात हलले. दात काढणं ही त्या गोष्टीतली नंतरची घटना होती. हे मी कागदावर जबड्याचं वेडंवाकडं चित्र काढून सांगितलं. मावशी बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी दातानं न्हाई झालं त्ये." मला त्या दिवशी दुसरं काही सांगायची गरज उरली नाही असं वाटलं होतं, पण मुलगा वर आला आणि त्याला शास्त्र हवं होतं.

त्याला सांगितलं ते असं. शुगर जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, लाळ कमी होते, हिरड्यांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. दातांवर किटण साचतं, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट 3 मिलिमीटरपर्यंत असते, आजार वाढला की 6 किंवा त्याहून खोल जाते. तिथे ब्रश पोचतच नाही. आत जंतू, पू, आणि खाली दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकांनी 1993 मध्ये हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, डोळे, मूत्रपिंड, नसा वगैरेंच्या रांगेत बसवून.

हे झालं शुगरकडून दाताकडे. उलट दिशाही आहे आणि तीच लोकांना ठाऊक नसते. सगळ्या दातांभोवतीचे हे सुजलेले खिसे उघडून पसरले तर दोन-तीन चौरस इंचांची जखम होईल. एवढी जखम पायावर असती तर हाच मुलगा आईला गाडीवर घालून त्याच दिवशी घेऊन आला असता. तोंडातली दिसत नाही म्हणून वर्षभर चालते. पण त्या सुजेतून निघणारे पदार्थ रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम बिघडवतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या अभ्यासांत हिरड्यांचा आजार तीव्र असलेल्यांची शुगर पुढे जास्त बिघडलेली आढळली. आणि हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 च्या आसपास खाली येते, हे अनेक चाचण्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात दिसलं आहे. 0.4 ऐकून मुलाचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं की दात साफ केले की शुगर जाईल. तसं होत नाही. गोळ्या, चालणं, जेवण यांच्या जोडीला हे आहे, त्यांच्या जागी नव्हे.

पुढचं काम कागदोपत्री होतं, आणि माझ्या मते अशा केसमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या डॉक्टरांकडून डेंटिस्टच्या नावे चिठ्ठी घेतली: गेल्या महिन्याभरातल्या शुगर, एचबीएवनसी, चालू गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी आहे की नाही, आणि एक सरळ प्रश्न, 'आत्ता काय करता येईल आणि कशासाठी थांबावं लागेल?' याचं उत्तर जवळजवळ नेहमी दोन भागांत येतं. किटण काढणं, खिसे साफ करणं, पू झाला असेल तर त्याला वाट करून देणं, याला शुगर अगदी नॉर्मल होईपर्यंत थांबायचं कारण नसतं. पू तर थांबवून ठेवायचाच नाही, कारण तोच शुगर चढवत असतो. ठरवून दाढ काढणं किंवा इम्प्लांट बसवणं यासाठी मात्र शुगर थोडी खाली आणून तारीख घेतात. मावशींचं तसंच झालं. आधी टप्प्याटप्प्याने खोल सफाई, दाढा नंतर.

सफाईच्या पहिल्या खेपेनंतर घरून फोन. सफाई केली आणि दात जास्तच हलायला लागले! 'दात साफ केले की ढिले होतात' हा समज इतका पक्का आहे की शिकलेल्या घरांतही मी तो ऐकते. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं. किटणाच्या दगडाने शेजारचे दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, तो आधार निघाला की खरी स्थिती कळते. सूज उतरली की हिरडी आकसते आणि बऱ्याचदा दात थोडे घट्टही होतात. फार गेलेले होत नाहीत. मावशींच्या त्या दोन दाढा तशाच होत्या.

दाढा काढायच्या दिवसाबद्दल मी जरा जास्तच सूचना देते, कारण लोक ऑपरेशन समजून उपाशी जातात. रोजच्या गोळ्या घेतल्या आणि नाश्ता नाही, की डेंटिस्टच्या खुर्चीतच घाम, थरथर, शुगर 60. दात काढायला जागा बधिर करतात, त्यासाठी उपास लागत नाही. सकाळची वेळ घ्यायची, नेहमीचा नाश्ता आणि गोळ्या घेऊन जायचं, पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवायचं. नंतर तोंड दुखतंय म्हणून जेवण सुटणार असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. काही गोळ्या न जेवता घेतल्या तर अंगाशी येतात, पण म्हणून आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच विचारायचं. दात काढल्यावर निदान काही दिवस मिसरी, तंबाखू, विडी अजिबात नाही. तंबाखूने जखम भरणं लांबतं, आणि लांबलं की घरात पुन्हा तेच, 'शुगरमुळे भरत नाही.'

मावशींची जखम भरली. पहिल्या आठवड्यात थोडा ठणका, मग काही नाही. चार महिन्यांनी एचबीएवनसी 8.3 आली. मुलगा हे सगळं श्रेय दातांना द्यायला तयार होता. मी देऊ दिलं नाही. खारी सुटली होती, भाकरी आली होती, आधी कालवून आणि मग नुसती. संध्याकाळी बांधापर्यंत चालणंही सुरू होतं. पण हे सगळं चावता यायला लागल्यावर झालं, एवढं मात्र खरं. मिसरी? दिवसातून एकदावर आली आहे असं त्या म्हणतात. सून म्हणते दोनदा. मी सुनेवर विश्वास ठेवते आणि दर वेळी पुन्हा विषय काढते.

तोंडाला कोरड पडते म्हणून लिमलेटच्या गोळ्या चघळणारे खूप भेटतात. साखरेने शुगरही चढते आणि कीडही लागते. त्याऐवजी घोट घोट पाणी प्यावं. मीठ-हळदीने हिरड्या चोळण्याबद्दल नेहमी विचारतात. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायला हरकत नाही, पण बसलेलं किटण चोळून निघत नाही आणि खरखरीत चोळण्याने हिरडी सोलते. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, त्यातला रात्रीचा चुकवायचा नाही. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. शुगर जास्त असलेल्यांना कवळीखाली पांढरी बुरशी लवकर धरते. गालावर सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं किंवा गिळताना त्रास झाला तर चिठ्ठी-बिठ्ठी विसरून थेट रुग्णालय गाठायचं.

खर्चाचंही लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही दंतचिकित्सक बसतात. सफाई आणि दात काढणं तिथे खाजगीच्या मानाने फार कमी पैशांत होतं. मावशींनी सफाई खाजगीत केली, दाढा जिल्हा रुग्णालयात काढल्या. आता रिकाम्या जागी दोन दाढांची छोटी कवळी बसवायची आहे. जागा पूर्ण भरून हिरडी स्थिर झाल्याशिवाय माप घेत नाहीत, ते आता होऊन गेलंय. मागच्या खेपेला मी तारीख विचारली तर म्हणाल्या, "उसाचं बिल येऊ द्या, मग."