एक्स्टिंग्विशरच्या आधी वरच्या अँगलवरचा भुसा बघा

डिचोलीला पांढऱ्या कोळशाचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांचं युनिट टाकताय, सॉ मिलचा भुसा, काजूची साल आणि नारळाची सोडणं असा माल असणार, आणि तुमचा प्रश्न असा की एक्स्टिंग्विशर किती आणि कुठले लावू. लावा, फायरवाले येऊन जागा बघून सांगतील तेवढे लावा. पण मी सोळा वर्षं असल्या शेडांत काढलीत आणि मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, ती म्हणजे शेडच्या वरच्या अँगलवर, केबल ट्रेवर, पत्र्याच्या कडेला बसलेला बारीक भुसा. खाली रोज झाडू फिरतो हो, वर कोणी चढत नाही.

होतं काय, की सायक्लोनमध्ये (हवेतून भुसा वेगळा करणारं निमुळतं भांडं) किंवा हॅमर मिलमध्ये (माल कुटून बारीक करणारं मशीन) आधी एक लहान भडका उडतो, त्याने माणूस सहसा मरत नाही, पण त्या दणक्याने शेड हादरते, वरचा सगळा भुसा ढगासारखा खाली येतो आणि मग तो ढगच पेटतो. दुसरा स्फोट हा. इमारत जाते ती याने. अमेरिकेत जॉर्जियाच्या पोर्ट वेंटवर्थला ७ फेब्रुवारी २००८ ला इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात असंच झालं, १४ माणसं गेली, आणि तिथे जळली होती साखरेची धूळ, पेट्रोल नाही की गॅस नाही. सायलोखालच्या, म्हणजे साखर साठवायच्या उंच टाकीखालच्या, कन्व्हेयरला (माल वाहून नेणारा पट्टा) आदल्या वर्षी पत्र्याने बंद केलं होतं, त्यामुळे धूळ आतच साठत गेली. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे पाऊस लागू नये म्हणून कन्व्हेयरला चारी बाजूंनी पत्रा मारायची सवय आहे. मारायचाच असेल तर आतली धूळ ओढायला सक्शन द्या. आणि लाकडाचंच उदाहरण हवं तर कॅनडात २०१२ मध्ये जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरी अशा दोन सॉ मिल भुशाच्या स्फोटात गेल्या, दोन्हीकडे दोन दोन माणसं मेली.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेतल्या नियमांत ०.८ मिलिमीटरचा थर धोक्याचा धरतात, म्हणजे नाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. मी साधं बघतो, खालचा रंग दिसेनासा झाला की साफ करायचं. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करू नका, कृपा करून नका, तो ढग आपण स्वतःच्या हाताने उडवतो, व्हॅक्युम वापरा, तोही धुळीसाठीचा अर्थिंगवाला. सायक्लोन शक्यतो शेडच्या बाहेर ठेवा, त्याला एक्स्प्लोजन व्हेंट, म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं झाकण द्या आणि त्याचं तोंड माणसं नसतील तिकडे करा, खाली रोटरी व्हॉल्व्ह (माल सोडणारी पण आग अडवणारी फिरती झडप) हवा, नाहीतर आग खालून पुढच्या मालात जाते. हॅमर मिलच्या आधी मॅग्नेट आणि दगड पडायची जागा पाहिजेच, आपल्याकडच्या मालात खिळे असतात आणि जमिनीवरून भरला की चिऱ्याचे खडे येतात.

आता पाऊस. ओला भुसा ढिगात पडला की आतून गरम होतो, आधी जंतूंमुळे साठ सत्तर डिग्रीपर्यंत, पुढे माल हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच तापत जातो, बाहेरची काडी लागत नाही. काजूच्या सालीत आणि पेंडीत तेल राहतं म्हणून तिचा ढीग वेगळा ठेवा. फोंड्याकडच्या एका युनिटमध्ये ऑगस्टमध्ये मी स्वतः बघितलंय, ढीग बाहेरून गार, हात लावला तर ओलसर, आणि फावडं घातलं तर आत लाल. तिथे चूक इतकीच की नवा ओला माल जुन्या सुक्या मालावरच ओतत गेले. म्हणून ढीग उंच करू नका, जुना माल आधी संपवा, लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या आणि जून ते सप्टेंबर रोज आत खुपसून आकडा वहीत लिहा, साठच्या वर गेला की ढीग उघडून पसरवायचा, पाण्याचा पाइप भरून बाजूला ठेवूनच.

बंद हॉपर किंवा सायलोच्या आत धुमसत असेल तर मात्र झाकण उघडू नका आणि पाण्याचा जोरदार फवाराही मारू नका, हवा आत गेली आणि धूळ उडाली की भडका. सगळी मशीनं बंद, माणसं बाहेर, १०१ ला फोन, आणि आत काय माल आहे ते फायरवाल्यांना सांगा. माणसाला आत उतरवू नका, साठवलेल्या मालातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास येत नाही, आत उतरलेला माणूस तिथेच पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

वेल्डिंगचं थोडक्यात, आधी मशीन बंद आणि आजूबाजूचा भुसा साफ, नंतर एक तास तिथे माणूस बसवायचा. संध्याकाळी पाच वाजता वेल्डिंग संपवून घरी जायचं हे चालणार नाही. बेअरिंगला ग्रीस आणि तापमान रोज, भुशाच्या शेडातले पॅनेल आणि लाइट धूळ आत न जाणारे.

तुमचा ड्रायर कुठल्या प्रकारचा आणि सायक्लोन आत आहे की बाहेर ते लिहा, जमलं तर लेआउटचा फोटो टाका, पत्रे चढायच्या आधी बघू.