मुळांशी कुरळे, टोकांना सरळ

प्रश्न : अनेक वर्षे रसायनांनी सरळ केलेले केस मी आठ महिन्यांपासून नैसर्गिक वाढू देत आहे. मुळांशी घट्ट कुरळे केस आले आहेत, परंतु रोज तेल लावूनही ते कोरडे राहतात आणि विंचरताना मध्येच तुटतात. काय करावे?

उत्तर : केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आपले नवे केस ताणून मोजल्यास सुमारे आठ सेंटीमीटर भरतील, वेटोळ्यांमुळे ते आखडून बरेच कमी दिसतात, म्हणून वाढ खुंटली असे समजू नये. ते तुटतात ते बहुधा जुना सरळ भाग आणि नवा कुरळा भाग जिथे जुळतात त्या नाजूक सांध्यावर. रसायनाने बदललेला भाग पूर्ववत होत नाही, त्यामुळे तो थोडाथोडा कापत जाणे हाच खरा उपाय आहे.

टाळूवरचे नैसर्गिक तेल घट्ट वेटोळ्यांतून टोकांपर्यंत सहजासहजी पोहोचत नाही, म्हणून असे केस मुळातच कोरडे असतात. वरून लावलेले तेल ओलावा देत नाही, असलेला टिकवते. तेव्हा ते ओलसर केसांवर, कंडिशनरनंतर आणि अगदी थोडे लावावे. कोरडे केस विंचरणे मात्र आजपासून बंद करावे. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांचे चार-सहा भाग करून, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवत जावे. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नये. घट्ट ओढलेल्या वेण्यांनी कपाळाजवळचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. टाळूवर खाज किंवा चट्टे असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.