सारिया ते पोर्तोमारीन : एका दिवसाची चाल

प्रश्न : स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतच्या पदयात्रेला (कॅमिनो) आम्ही सारियाहून सुरुवात करणार आहोत. पहिला टप्पा पोर्तोमारीनपर्यंत, सुमारे 22 किलोमीटर. किती वेळ धरावा?

उत्तर : ताशी 4 किलोमीटरच्या हिशोबाने चालायला साडेपाच तास आणि थांबायला दीड, असे एकूण 7 तास. गडबड सुरुवातीलाच होते. सेलेइरो ओढ्यावरचा मध्ययुगीन पूल आणि मग रेल्वेरूळ ओलांडला की झाडीतून खडा चढ लागतो. पाय ताजे असल्याने लोक तो झपाट्याने चढतात आणि बार्बादेलो गावातच दमतात. चालता चालता बोलता येईल, एवढाच वेग ठेवा. बार्बादेलोचे रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतले चर्च वाटेपासून थोडे आत आहे, पण आवर्जून पाहा. पुढची वाट वाड्यावस्त्यांमधून, दगडी बांधांच्या मधून जाते. अशा खोलगट वाटेला तिथे 'कोर्रेदोइरा' म्हणतात. पावसात तिचाच ओढा होतो, तेव्हा कडेच्या दगडांवरून जा. शेवाळ असेल तिथे मात्र पाऊल सपाट टेकवा. फेर्रेइरोसच्या आसपास सांतियागो 100 किलोमीटर उरल्याचा खांब दिसेल. तो रंगाने पार चिताडलेला असतो, तरी फोटोसाठी रांग लागतेच.

प्रश्न : शेवटच्या उतारावर पायाची बोटे ठेचतात, नखे काळी पडतात असे ऐकले. उपाय काय?

उत्तर : खरे आहे, या टप्प्याची परीक्षा शेवटीच आहे. विलाचा गावानंतर वाट मिन्यो नदीकडे झपकन उतरते. पाय थकलेले, बुटाची नाडी सैल झालेली, त्यामुळे पाऊल बुटात पुढे सरकते आणि प्रत्येक पावलाला नख बुटाच्या टोकावर आपटते. विलाचातच थांबा. टाच बुटात मागे ठोकून बसवा आणि घोट्याकडची नाडी घट्ट ओढा. बोटांकडची सैलच राहू द्या. काठ्या 5 ते 10 सेंटिमीटर लांब करा. इथे उतरायला एकाहून जास्त वाटा फुटतात. त्यातली एक खडकाच्या अरुंद घळीतून जाते. ओल असेल तर ती टाळा. यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी नखे कापा.

फोडाचे तंत्र वेगळे. कातडी गरम होऊन चुरचुरू लागली की पुढच्या गावापर्यंत ओढू नका. जागच्या जागी मोजा काढा, पाय कोरडा करा आणि चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. पट्टीचे कोपरे गोल कापलेले असले, तर ती मोज्यात गुंडाळत नाही.

प्रश्न : शिक्क्यांचा नियम काय? मुक्काम आधी ठरवावा का?

उत्तर : यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी चालणाऱ्याने किमान 100 किलोमीटर पायी करावे लागतात आणि यात्रेच्या पुस्तिकेत दिवसाला किमान दोन शिक्के लागतात. एक वाटेतल्या चर्चमध्ये किंवा कॅफेत, दुसरा मुक्कामी. सरकारी पथिकाश्रमात आरक्षण नसते, आधी येईल त्याला खाट. स्वयंपाकघर असले तरी भांडी असतीलच असे नाही. गर्दीच्या महिन्यांत खासगी जागा आधी घेऊन ठेवा.

प्रश्न : पोर्तोमारीनचे चर्च दगडन् दगड हलवले, हे खरे?

उत्तर : होय. 1960च्या दशकात बेलेसार धरणात जुने गाव बुडाले, तेव्हा दगडांवर आकडे घालून चर्च वर टेकडीवर पुन्हा बांधले. भिंतीजवळ गेलात तर काही आकडे आजही वाचता येतात. पाणी उतरले की मिन्यो नदीवरच्या पुलावरून जुन्या गावाचे अवशेषही दिसतात.