आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

पत्र : मी ४७ वर्षांची, संगमनेर तालुक्यात शिक्षिका आहे. अडीच वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी पार कोलमडले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, चार महिन्यांत मी माणसांत आले. तेव्हापासून तीच गोळी चालू आहे. आता दिरांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय की नैराश्याचा आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंधच नाही, या गोळ्या म्हणजे कंपन्यांची लूट. यजमान म्हणतात, ‘बंद कर, किती दिवस घेणार?’ पुण्यात शिकणारी मुलगी म्हणते, ‘शुगरची गोळी घेतात तशी आयुष्यभर घे, बाबांचं ऐकू नकोस.’ रोज वाद. मधला मार्ग म्हणून दहा दिवस झाले, मी एक दिवसाआड अर्धी गोळी घेतेय. झोप उडालीय, डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, खडू धरताना हात थरथरतो. आजार परत आला का? आणि खरं कोणाचं, यजमानांचं की मुलीचं?
ता. क. : पाकिटावर ‘एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ, क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ’ असं आहे. मेडिकलवाले ओळखीचे आहेत, चिठ्ठी मागत नाहीत.

उत्तर : ताई, यजमान आणि मुलगी दोघांना थोडा वेळ बाजूला बसू द्या. मला तुमच्या ताज्या कलमाबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध. व्हिडिओ त्याच्याबद्दल, भांडणही त्याच्याबद्दल. क्लोनाझेपाम अगदी वेगळ्या कुळातलं, डायझेपामच्या भाऊबंदांपैकी. घबराट दाबणारं आणि झोप आणणारं. त्याच्याबद्दल तुमच्या घरात एक अक्षर कुणी उच्चारलेलं दिसत नाही. ०.५ हा आकडा पाहून तुम्हाला ते चिमूटभर वाटलं असेल. पण डोसाची तुलना करणाऱ्या तक्त्यांत क्लोनाझेपामचे ०.५ मिग्रॅ साधारण डायझेपामच्या १० मिग्रॅइतके धरतात. रोज घेतलं तर काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय लागू शकते.

सुरुवातीला ते देण्यामागे कारण असतं. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवसांत काहींची बेचैनी उलट वाढते. तेवढा काळ झोप लागावी, जीव थाऱ्यावर राहावा म्हणून क्लोनाझेपामची जोड देतात. अशा जोडउपचाराच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला, तेव्हा जादा फायदा पहिल्या चार आठवड्यांत दिसला, पुढे टिकला नाही. म्हणजे त्याचं काम महिन्याभराचं होतं आणि तुम्ही ते अडीच वर्षं घेताय. अडीच वर्षांत कुणी एकानेही ते थांबवण्याचा विषय काढला नाही, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणूनच तुमच्या त्या ओळखीच्या मेडिकलचं मला कौतुक वाटत नाही. क्लोनाझेपाम औषध नियमांच्या शेड्यूल एच या यादीत येतं. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. हा नियम त्रास द्यायला केलेला नाही. चिठ्ठी संपली की माणूस डॉक्टरकडे परत जातो आणि डॉक्टरला ‘आता हे कमी करू’ म्हणायची संधी मिळते. तुमच्या बाबतीत ती संधी दर महिन्याला काउंटरवरच बुडाली.

आता या दहा दिवसांचा हिशेब. अर्धी गोळी, तीही एक दिवसाआड, म्हणजे तुम्ही डोस एका झटक्यात चौथाईवर आणलात, आणि दोन्ही औषधांचा एकदम. शिवाय एक दिवसाआड घेतल्याने औषध हळू उतरत नाही, हेलकावे खातं. एस्सिटालोप्राम साधारण तीस तासांत निम्मं होतं, त्यामुळे दोन गोळ्यांमधल्या ४८ तासांत रक्तातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग निघून जातो. डोक्यातला करंट ही एस्सिटालोप्रामच्या कुळातली औषधं अचानक घटवल्याची ओळखीची खूण. उडालेली झोप आणि थरथरणारा हात यांत दोन्हींचा हात असू शकतो, माझा संशय क्लोनाझेपामवर जास्त आहे. ते एकदम तोडलं तर काहींना फिटसुद्धा येते. ज्याला तुम्ही मधला मार्ग म्हणता, तो दोन्ही टोकांपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

आजार परत आला का? तसं दिसत नाही. औषध तोडल्याचा त्रास दिवसांत सुरू होतो, त्यात चक्कर, मळमळ, करंट अशा शरीराच्या तक्रारी पुढे असतात आणि डोस पूर्ववत केला की बहुधा काही दिवसांत ओसरतो. आजार आठवड्यांनी, पावलापावलाने येतो आणि तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या रूपात येतो : सकाळी उठावंसं न वाटणं, रडू, सगळ्यातला रस जाणं. हा फरक यजमानांनाही वाचून दाखवा, कारण तेही या थरथरीला ‘बघ, व्यसन लागलं’ म्हणत असणार. शरीराला सवय होणं आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा आता एकच करा. आज रात्रीपासून डॉक्टरांनी लिहून दिली होती तशी पूर्ण गोळी रोज घ्या, उद्या सकाळी त्यांना फोन करून दहा दिवसांत काय केलंत ते सांगा, आणि याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसून म्हणा : ‘ही दोन औषधं मला दोन वेगळ्या गोळ्यांत लिहून द्या.’ पहिले एकदोन दिवस सुस्ती येईल, स्कूटी घरी ठेवा. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. फिट आली, भास झाले किंवा जीव द्यावासा वाटला तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

वेगळं करण्यावर माझा एवढा भर का? जोडगोळीची कितीही शकलं केली तरी दोन्ही औषधं एकत्रच कमी होतात. सुटं केलं की एस्सिटालोप्राम जागेवर ठेवून आधी फक्त क्लोनाझेपाम उतरवता येतं. क्लोनाझेपामची ०.२५ मिग्रॅची गोळी मिळते. ०.५ वरून एक आणि अर्धी म्हणजे ०.३७५, मग एक, मग अर्धी, मग बंद. प्रत्येक पायरीवर किमान दोन ते चार आठवडे, आणि त्रास झाला तर तिथेच थांबायचं, पुढची पायरी लांबवायची. नेमक्या तारखा डॉक्टर ठरवतील, पण त्या कागदावर लिहून घ्या. आणि नवी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलात की पाकिटावरची बारीक अक्षरं तिथेच वाचा. सवयीने जुनीच जोडगोळी हातात पडते, आणि वर सुटं क्लोनाझेपामही घेतलं तर डोस दुप्पट होतो. या काळात सर्दी-खोकल्याची झोप आणणारी औषधंही विचारल्याशिवाय नकोत.

आता व्हिडिओ. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला आढावा खरा आहे. सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येतं याला भक्कम पुरावा नाही, असं तो सांगतो. गोळ्यांचा गुण येतो की नाही, हे त्यांनी तपासलंच नव्हतं. ते तपासलं होतं २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने : ५२२ चाचण्या, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता, आणि बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्या होत्या. लूट म्हणणारा तुमचा दीर चुकतोय, आणि या गोळ्यांना रामबाण म्हणणाराही चुकतो. पण हा सगळा वाद एकेकट्या औषधांचा आहे. तुमच्या जोडगोळीतल्या अडीच वर्षांच्या क्लोनाझेपामबद्दल यातला एकही अभ्यास बोलत नाही.

तुमची मुलगी प्रेमाने बोलते, पण तिची शुगरची उपमा चूक आहे. पहिल्याच खेपेचं नैराश्य असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग पुन्हा विचार करतात. वारंवार येणाऱ्या आजारात दोन वर्षं किंवा जास्त. ‘आयुष्यभर’ हा निर्णय कुणी तपासल्याशिवाय होत नाही, आणि ‘किती दिवस घेणार?’ हा यजमानांचा प्रश्न तुमच्या घरातला सर्वांत शहाणा प्रश्न आहे. तो चुकीच्या माणसाला, चुकीच्या सुरात विचारला गेला. त्यांना डॉक्टरकडे सोबत न्या आणि तोच प्रश्न तिथे विचारू द्या.

उत्तर देताना डॉक्टरांच्या हाताशी एक चांगला अभ्यास असेल. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये, दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या झालेल्या आणि थांबवायचा विचार करणाऱ्या ४७८ जणांवर तो झाला. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार उलटला, हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा. धोका आहे, पण बंद करून नीट राहिलेलेही पुष्कळ आहेत. एस्सिटालोप्राम थांबवायचं ठरलंच, तर क्लोनाझेपाम सुटून काही महिने स्थिर गेल्यावर, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवून. १० वरून ५ वर येताना मेंदूतला परिणाम थोडाच घटतो, ५ वरून शून्यावर येताना फार मोठा. म्हणून ५ नंतर २.५, त्यानंतर त्याचंही अर्धं, महिन्या-महिन्याच्या अंतराने. परीक्षांचे दिवस आणि वडिलांच्या वर्षश्राद्धाचा महिना टाळून सुरुवात करा, आणि रोज रात्री तीन गोष्टी वहीत टिपा : डोस, झोपेचे तास, त्या दिवशीचा त्रास. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होईल.