बडोद्यात दिव्यांग मुलांसाठी घोडेस्वारीचा व्हॉलंटिअर ग्रुप सुरू करायचाय, घोडे किती घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पंधरा वर्षांचा आहे, भायलीच्या पुढे ओळखीतल्यांची जमीन मिळतेय, तुम्ही चार-पाच जण मिळून दिव्यांग मुलांसाठी फुकट घोडेस्वारी सुरू करताय, तर काठियावाडी घोडे किती घ्यावेत आणि सुरुवात कुठून करावी. मी बडोद्यातच असा रविवार सकाळचा ग्रुप चालवते, सगळे व्हॉलंटिअर, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगते.

घोडा आत्ता एकही घेऊ नका. आधी माणसं मोजा.

एका मुलाला घोड्यावर बसवलं की खाली तीन माणसं लागतात. एक घोडा धरून पुढे चालणारा, आणि दोन बाजूंना दोघं. दोन घोडे एकावेळी चालवायचे तर सहा, मधे उभं राहून शिकवणारा एक, आणि रॅम्पजवळ बाकीची मुलं आणि पालक सांभाळणारा एक, म्हणजे आठ. आठ जण हजर हवेत तर यादीत सोळा पाहिजेत, कारण कोणाच्या घरी पाहुणे, कोणाची परीक्षा, आणि नवरात्रीत तर विचारूच नका, रात्री दोन-अडीचला गरबा आटपून घरी आलेला मुलगा सकाळी साडेसहाला पागेत येईल अशी आशा बडोद्यात राहून करायची नाही. आम्ही ते नऊ दिवस सरळ बंदच ठेवतो. एमएसयूच्या (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या) सोशल वर्कची मुलं, फिजिओथेरपीचे विद्यार्थी, दांडिया बझारातले रिटायर्ड काका, बँकेतल्या बेन, असं सगळं मिसळ खातं चालतं, पण मला विचाराल तर सगळ्यात भरवशाचे रिटायर्ड काका. स्टुडंट उत्साहाने येतात आणि सेमिस्टर संपली की गायब.

बाजूने चालणं दिसतं सोपं. अर्धा तास हात वर करून मुलाच्या मांडीवरून पुढे आडवा ठेवायचा आणि जिनाची कड धरायची, पण मांडी दाबायची नाही, घोड्याच्या कुशीत कोपर खुपसायचं नाही, आणि घोड्याच्या पावलाबरोबर चालायचं. हात भरून आला की बाजू बदलायची, पण घोडा थांबवून आणि एकावेळी एकानेच, दोघांनी एकदम सोडायचं नाही. आणि दोघांनी मुलाच्या डोक्यावरून आपसात गप्पा मारायच्या नाहीत, हा नियम मी सगळ्यात जास्त वेळा ओरडून सांगते. मुलाशी एकच जण बोलणार, बाकीचे गप्प, नाहीतर ऑटिझमवाल्या मुलाला तीन बाजूंनी "शाब्बास शाब्बास" ऐकून काय करावं तेच कळत नाही. पुढे चालणाऱ्याने मागे वळून मुलाकडे बघायचं नाही, त्याचं लक्ष घोड्यावर आणि रस्त्यावर. नवीन व्हॉलंटिअर आला की आम्ही आधी त्यालाच घोड्यावर बसवतो, डोळे मिटायला लावतो आणि दोन अनोळखी माणसांना धरायला सांगतो, त्यानंतर तो कोणाची मांडी करकचून धरत नाही.

आणखी एक गोष्ट, अवघड वाटते पण पहिल्या दिवशीच बोलायची. इथे मोठी माणसं मुलांच्या, वयात आलेल्या मुलींच्या अंगाला हात लावतात, कामच तसं आहे. म्हणून प्रत्येक व्हॉलंटिअरचं पोलीस व्हेरिफिकेशन, एकट्या मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल कधीच नाही, आणि हात लावायच्या आधी "धरू का?" असं विचारायचं, मूल बोलत नसलं तरी विचारायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, तो सगळ्यांना एकदा नीट समजावून सांगा, कोणी रुसलं तर रुसू दे.

आता फायदा काय होतो ते, कारण पालक पहिलं हेच विचारतात. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी गोल अशी हलते, आपण चालताना हलते जवळजवळ तशीच. जे मूल कधी चाललंच नाही त्याच्या कमरेला आणि पाठीला ती हालचाल मिनिटाला शंभरेक पावलं या हिशेबाने मिळते, आणि पडू नये म्हणून शरीर आपोआप तोल सावरत राहतं. घोड्याचं अंग उबदार, त्याने आणि त्या झोक्याने मांड्यांचा ताठरपणा थोडा सैलावतो. सेरेब्रल पाल्सीत बसण्याचा तोल सुधारतो, हे अभ्यासांत दिसलंय. पण म्हणून कोणी "बेन, हा चालायला लागेल ना?" असं विचारलं तर हो म्हणू नका. फिजिओ चालू आहे ती चालूच ठेवायची, हे तिच्याऐवजी नाही. फिजिओथेरपिस्ट स्वतः घोड्याची चाल वापरून ट्रीटमेंट देतो ते वेगळं काम आहे, ते आपण व्हॉलंटिअरांनी करायचंच नाही, आपण घोडेस्वारी शिकवतो.

आणि खरंच शिकवा. तुमचा भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याला आठवडाभर पेशंटच करून ठेवलेलं असतं, इथे तरी नको. त्याला खरारा करू द्या, एका हाताने जमेल तेवढा. लगाम त्याच्या हातात द्या, डावीकडे जायचं की उजवीकडे ते तो ठरवेल, खांबाला वळसा घालायचा तर त्याने घालायचा, घोडा थांबला तर त्यानेच चालवायचा. डेन्मार्कच्या लिस हार्टेलना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले, घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चाली करायला लावायच्या स्पर्धेत, रौप्य मिळवलं. पॅरालिंपिकमध्ये घोडेस्वारी १९९६ पासून आहे. आमची मुलं तिथे जाणार नाहीत, ते मला माहीत आहे, पण मोठ्या मुलांना हे सांगितलं की ती ताठ बसतात.

कोणाला घ्यायचं नाही हे लिहून ठेवा आणि त्यावर ठाम राहा. डॉक्टरांची सही असलेला फॉर्म नसेल तर घोड्यावर बसवायचं नाही, आमदारांची शिफारस असली तरी नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, तेव्हा मानेची तपासणी झालेली पाहिजे. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा एक्स-रे, कारण खुबा सरकलेला असेल तर मांड्या फाकवून बसणं महागात पडतं, भाच्याचाही आधी काढून घ्या. फिट्स कंट्रोलमध्ये नाहीत, हाडं ठिसूळ आहेत, नुकतंच ऑपरेशन झालंय, बसायच्या जागी जखम आहे, अशांना नाही म्हणायचं. नाही म्हटलेल्या मुलालाही घोड्याला चारा घालू द्या, अंगावरून हात फिरवू द्या, त्यासाठी वर बसावं लागत नाही.

वजनाचाही हिशेब आहे. जिनासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ देऊ नये, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्यावर साठ किलो, त्यातून जिन वजा करा. आणि आपला स्वार तोल सांभाळत नाही, एका बाजूला कलतो, त्यामुळे मी पंधरा टक्क्यांवर थांबते. मोठ्या वयाच्या मुलांत इथेच अडतं.

आता घोडा. काठियावाडी दिसायला राजा, कानांची टोकं वळून एकमेकांना टेकतात ते बघूनच अर्धी मुलं हसायला लागतात, अंगाने फार रुंद नसतो म्हणून ताठर मांड्यांच्या मुलांना बरा पडतो, पण जात तापट. तुम्हाला दाखवायला आणतील तो मालक सांगेल रेवाल चाल बघा, म्हणजे झोके न देणारी जलद चाल, पाणी सांडणार नाही. आपल्याला रेवाल नको, साधी चार ठोक्यांची सरळ चाल पाहिजे, कारण कमरेला हलवणारी तीच. तरणा आणि खच्ची न केलेला घोडा तर अजिबात नको, दहा-बारा वर्षांची शांत घोडी बघा. वरातीचा घोडा स्वस्तात मिळतो आणि बँडला-फटाक्याला बुजत नाही हे खरं, पण लग्नसराईत रात्ररात्र उभा असतो, नाचायला शिकवलेला असतो आणि कित्येकांच्या तोंडात काटेरी कडी घालून तोंड पार बिघडवलेलं असतं (ती कडी प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांत बंद आहे, तरी मिळते). घेण्याआधी त्याच्यासमोर छत्री उघडा, व्हीलचेअर फिरवा, वॉकर खडखडवा, मागून कोणालातरी किंचाळायला लावा. दचकला आणि जागेवर उभा राहिला तर चालेल, उधळला किंवा दुगाण्या झाडल्या तर मालकाला चहा पाजून परत पाठवा.

शक्यतो विकत घेऊच नका, एखाद्या रायडिंगवाल्याकडून सकाळच्या तासांपुरते दोन घोडे ठरवा, सईस त्यांचाच, लेखी करार करून. रविवारी दोन तास काम आणि सहा दिवस खाणं, यात घोडा परवडत नाही, रोजचा पाच-सहा किलो सुका चारा, वर रजको (लसूणघास), कोंडा, थोडा हरभरा, तीस-चाळीस लिटर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, आणि पोटदुखी झाली की रात्री दोनला डॉक्टर. भाड्याचा असला तरी ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद बघा, तो आजार माणसाला होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घोड्यालाही आणि सगळ्या व्हॉलंटिअरांनाही. एका घोड्यावर सकाळी तीन मुलं, फार तर चार, मग त्याची सुट्टी, घरच्यांचं "अजून एक राउंड" कितीही आलं तरी.

पैसे असतील तर ते रॅम्पवर घाला. व्हीलचेअरसाठी बारास एक असा उतार लागतो, म्हणजे पाऊण मीटर उंच ओट्याला नऊ मीटर लांब रॅम्प, जागा आधीच सोडून ठेवा. नाहीतर पन्नास किलोचा मुलगा दोघांनी उचलून चढवायचा आणि दोघांच्याही कमरेचे कल्याण. हेल्मेट घोडेस्वारीचंच, सायकलचं नाही. आणि पाय अडकला तर सुटेल अशी सेफ्टी रिकीब.

जमिनीचं म्हणाल तर पावसाळ्यात एकदा बघून या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल, पुरात मगरी सोसायट्यांत येतात तिथे घोडा बांधून ठेवणार कुठे? एप्रिल-मेमध्ये साडेसहा ते आठ, त्यानंतर नाही. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आसपास दोन आठवडे बंद, पतंग अंगावर आला की शांत घोडीही बुजते, आणि मांजा तर स्वाराच्या गळ्याच्या उंचीला येतो.

फुकट ठेवायचं तुमच्या मनात आहे, मी म्हणेन थोडी फी ठेवा, ज्यांना जमत नाही त्यांना माफ करा, पण न सांगता दांडी मारली तर जागा जाते हे ठरवून टाका, कारण एका मुलाच्या दांडीने तीन माणसं आणि एक घोडा रिकामे उभे राहतात. दोन महिने आधी नुसते व्हॉलंटिअर जमवा, कोणाच्यातरी घोड्यावर त्यांचीच प्रॅक्टिस घ्या, आणि दोन महिन्यांनी आठ जण टिकलेले दिसले तर मग दोन मुलं घ्या, भाचा धरून. डॉक्टरांच्या फॉर्मचा नमुना मराठी आणि गुजराती दोन्हीत आहे माझ्याकडे, हवा असेल तर मेसेज करा.