सीटवाला वॉकर आणि काकींचा गडगा

"आईला सीटवाला वॉकर घेऊन दिला तर तिला बसायची सवय लागेल का हो? आत्ता निदान घरात तरी फिरते. मग तेही बंद व्हायचं."

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुतेक मुंबईत, आणि आई इकडे सिंधुदुर्गात घर धरून बसलेली. एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. नावाचीही गरज नाही, नुसतं काकी म्हणू.

काकी 74 वर्षांच्या, वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतल्या. दिवाळीला आलेला मुलगा सुट्टी संपायच्या आत त्यांना घेऊन माझ्याकडे आला. बसल्या बसल्या मोबाइल पुढे केला. सहा-सात मॉडेलं काढून ठेवलेली. चार चाकं, हाताला ब्रेक, मध्ये बसायला सीट, खाली टोपली. "यातलं कुठलं घेऊ तेवढं सांगा." काकी खिडकीबाहेर बघत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना बिनचाकांचा साधा वॉकर आणून दिला होता, त्याचं काय झालं असं विचारलं तर मुलगाच कसनुसा हसला. पडवीत आहे, त्याच्यावर पंचे वाळतात.

मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला आणि काकींना विचारलं, देवळात शेवटचं कधी गेलात?

"गेल्या वर्साक."

किती लांब आहे?

मुलगा म्हणाला, पाचशे मीटर असेल जेमतेम. काकी म्हणाल्या, "चार गडगे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोटांवर हिशेब सांगितला. घरातून निघालं की आंब्याकडच्या गडग्यावर टेकायचं. मग वळणावरच्या. मग पसऱ्याच्या, म्हणजे दुकानाच्या, अलीकडे एक होता तिथे. चौथा देवळाच्या तळीजवळ. प्रत्येक ठिकाणी दोन-चार मिनिटं, की पुढचा टप्पा. कोकणातला गडगा म्हणजे मांडीएवढ्या उंचीची दगडांची रचलेली बांधावळ, बसायला अगदी बेताची. कुणाची परवानगी लागत नाही, कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं त्या अशाच जात होत्या आणि मुलाच्या लेखी आई "सलग चालत" होती.

"तिसरो गडगो पाडल्यानी. थंय आता टेकूक जागा नाय."

जमीन विकली गेली होती. नव्या मालकाने गडगा काढून चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत घातली, लोखंडी गेट बसवलं. त्यानंतर काकी दोनदा निघाल्या आणि दोनदाही अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या. एकदा पसऱ्याच्या पायरीवर बसल्या, तर चार जणांनी विचारलं, काय झालं, चक्कर आली का, मुलाला फोन करू का. तिसऱ्यांदा त्या निघाल्याच नाहीत.

मुलगा गप्प झाला होता. बसायची सवय लागेल का, या नेहमीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं. सवय होतीच, फक्त आजवर बसायची जागा गावाने दिलेली होती आणि ती कुणी मोजली नव्हती.

तरी वॉकरकडे लगेच वळले नाही. "चार पावलं टाकली की बसावं लागतं" याची कारणं अनेक असतात, आणि त्यातली काही वॉकरने झाकली तर घात होतो. दम लागतो की पाय दुखतात, छातीत भरून येतं का, डोकं गरगरतं का, एकेक विचारलं. काकी म्हणाल्या, "पाय दुखणत नाय, भरान येतत." नुसतं उभं राहून थांबलात तर उतरतं? नाही, बसावंच लागतं. आणि स्वयंपाकघरात? तिथे ओट्यावर कोपरं टेकून वाकून उभ्या राहिल्या तर तासभरही काही होत नाही म्हणाल्या. हे ऐकल्यावर अंदाज आला होता, पण मी डॉक्टर नव्हे. हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कमरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालेली निघाली. यात चालताना पाय जड होतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर नसांवरचा दाब कमी होऊन बरं वाटतं. उलट पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर पोटरी दुखते, पण ती नुसतं उभं राहिल्यानेही निवळते. म्हणून तो "उभं राहून थांबलात तर" हा प्रश्न मी कधी चुकवत नाही. पायातला जोर अचानक गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र घरी वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही मुलाला दोनदा सांगितलं.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनी हिरवा कंदील दाखवल्यावर पुढची चूक माझी. मी मुलाला फोनवर वॉकरची मूठ किती उंचीवर हवी ते नीट समजावलं: चप्पल घालून सरळ उभं करायचं, हात सैल सोडायचे, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. मुठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. काकींचं माप आलं 28 इंच. त्याने त्या मापात बसणारं मॉडेल त्याच रात्री मागवलं. सीटची उंची विचारायचं मी विसरले.

आठवड्याने घरी गेले तेव्हा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीपाशी तो नवाकोरा वॉकर उभा होता आणि काकी त्यावर बसलेल्या, पाय अधांतरी. सीट 21 इंचांवर. काकींच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत, चपलेसकट, भरत होतं साडेसोळा. शाळेतल्या बाकावर बसलेल्या पहिलीतल्या पोरीसारखे पाय हलत होते, आणि त्या हसत होत्या खऱ्या, पण उतरताना त्यांना सरकत सरकत पुढे यावं लागलं. धोका नेमका तिथेच असतो. पाय जमिनीला टेकत नसतील तर उठताना जोर कशाच्या आधारावर लावणार? माणूस पुढे घसरतो आणि गाडी मागे पळते. तो वॉकर परत गेला. दुसरा बुटक्या बांध्याच्या माणसांसाठीचा, सीट 18 इंचांवर. दीड इंच तरीही जास्तच, पण टाचा टेकल्या, आणि पहिल्या खेपेला बसून उठताना त्यांचा चेहरा जागचा हलला नाही तेव्हा मी हो म्हटलं. तुम्ही घ्याल तेव्हा मुठीच्या आधी सीटचं माप घ्या. मूठ वरखाली होते, सीट बऱ्याच मॉडेलांत होत नाही.

चाकांबद्दल मुलाशी थोडा वाद झाला. त्याला घरातही चालेल असं, छोट्या चाकांचं, आटोपशीर हवं होतं. मी त्याला घर फिरवून दाखवलं. ओटीवरून माजघरात उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात उंबरठा, न्हाणीला दोन पायऱ्या खाली आणि दार बावीस इंचांचं. घरात ही गाडी चालणार नव्हतीच. घरात काकींना एक काठी, दोन ठिकाणी भिंतीला धरायचे दांडे आणि न्हाणीत रबरी चटई पुरेशी होती. वॉकर घ्यायचा तो वाटेसाठी, आणि वाट कशी, तर आधी लाल मातीची, मग जांभ्याची खडबडीत, मग डांबरी. सहा इंची चाक जांभ्याच्या खाचेत अडकतं आणि गाडी जागच्या जागी थांबते, माणूस थांबत नाही. आठ इंचांच्या खाली घेऊ नका म्हटलं. "म्हणजे एवढे पैसे घालून घरात वापरायचाच नाही?" असं तो म्हणाला. नाही. पडवीत राहील, बाहेरच्या चपलांशेजारी.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते, 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यात मिळतात. त्यात चांगला सीटवाला वॉकर पूर्ण बसत नाही, पण भार हलका होतो.

खरी अडचण पुढेच होती. वॉकर आला, मापात बसला, आणि काकी म्हणाल्या, "माका बाबागाडी नको. लोक काय म्हणतले?"

यावर समजावणं फार कामाला येत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की हा चार चाकांचा वॉकर स्वीडनमधल्या आयना विफाल्क नावाच्या बाईने 1978 मध्ये काढला, आणि तिला स्वतःला तरुणपणी पोलिओ झाला होता. काकींनी गाडीकडे नव्याने बघितलं. "मगे तिका ठावक असतला." तेवढ्यावर त्या तयार झाल्या असं मात्र नाही. तयार झाल्या त्या टोपलीमुळे. देवळात जाताना एका हातात काठी, दुसऱ्यात फुलांची परडी, आणि नारळ कुठे ठेवायचा ही त्यांची जुनी पंचाईत होती. परडी टोपलीत बसते का हे त्यांनी स्वतः उठून बघितलं. बसली.

मग सराव, आणि तो रस्त्यावर नाही, खळ्यातच, पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. बसायची रीत ठरलेली असते. जागा सपाट बघायची, उतारावर बसायचंच नाही. दोन्ही ब्रेक खाली दाबून लॉक करायचे. खट्ट असा आवाज येतो, तो दोन्ही बाजूंनी यायला हवा. मग गाडी थोडी हलवून बघायची. मग वळायचं, मागे सरकत राहायचं, सीट पोटऱ्यांना लागली की मगच मुठींना धरून बसायचं. काकी पहिले दोन दिवस एकच ब्रेक लावत. डावा हात जरा अशक्त. मी मुलाला सांगितलं, तोंडाने आठवण करायची नाही, आवाज मोजायचे. मग ती दोघं एकदम म्हणायला लागली, एक खट्ट, दोन खट्ट. उतारावर मात्र ब्रेक दाबून लॉक न करता हळूहळू दाबत उतरायचं, हे त्यांना लवकर जमलं. लहानपणी भावाची सायकल चालवलेली.

मुलाला एक गोष्ट बजावून ठेवली. आई बसलेली असताना गाडी ढकलायची नाही, पाच पावलंसुद्धा नाही. पाय ठेवायला जागा नसते, पाय चाकात किंवा जमिनीत अडकून गाडी उलटते. बसवून न्यायचं असेल तर चाकाची खुर्ची वेगळी असते.

हे सगळं काकींना जमलं म्हणून सगळ्यांनी घ्यावा असं नाही. त्याच महिन्यात एका काकांच्या घरच्यांना मी सीटवाला वॉकर नको म्हणून सांगितलं. त्यांना कंपवात. चालताना पाय अडखळून जागीच खिळत, मग एकदम छोटी छोटी पावलं धावत सुटत. अशा माणसापुढे मोकळी धावणारी चाकं दिली तर गाडी पुढे जाते आणि माणूस तोंडावर येतो. त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, तिथे वेगळ्या ब्रेकचा प्रकार बघायचं ठरलं. तसंच, एका पायावर वजनच द्यायचं नाही अशी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा वॉकरवर पूर्ण भार टाकून चालायची वेळ असेल, तर साधा बिनचाकांचाच बरा. सीटवाला वॉकर तोल सांभाळतो, भार पेलत नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी काकी निघाल्या. मी नव्हते, मुलाने नंतर सांगितलं. आंब्याकडच्या गडग्यावर त्या सवयीने गडग्यावरच बसल्या, वॉकर शेजारी उभा करून. वळणावरही तसंच. पसऱ्याच्या अलीकडे, नव्या भिंतीच्या लोखंडी गेटसमोर, त्यांनी दोन खट्ट केले आणि स्वतःच्या सीटवर बसल्या. गेटातून नवी मालकीण बाहेर आली, काही हवंय का म्हणून विचारायला. काकींनी तिला तिथे पूर्वी काय होतं ते सांगितलं.

आता त्या आठवड्यातून तीनचारदा देवळात जातात, क्वचित त्यापुढे बाजाराच्या तोंडापर्यंत. पावसाळ्यात नाही, ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे कुठलंच चाक भरवशाचं नसतं. त्या चार महिन्यांत पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. डावा ब्रेक लागत नव्हता, एकच खट्ट येत होता. खारी हवा. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी ब्रेकच्या तारा आणि स्क्रू लोखंडाचे असतात, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वर्षभरात ते गंजतात. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, सांध्यांत तेलाचा थेंब सोडायला मी सांगायला हवं होतं. कंपनीला कळवू का म्हणून मुलगा मुंबईहून विचारत होता. काकींनी तोवर वाडीतल्या सायकलवाल्याला बोलावून घेतलं होतं. ब्रेक सायकलसारखाच असतो. त्याने दोन्ही तारा बदलल्या, चाकातली रेती काढली, आणि सीटवर स्वतः बसून दोन्ही खट्ट ऐकून मगच गेला. पैसे घेतले नाहीत. काकींनी टोपलीतला देवळाचा नारळ त्याच्या हातात ठेवला.