डोटा २ मध्ये प्रत्येक मॅचला आयटम बिल्ड कसा बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : डोटा २ या पाच विरुद्ध पाच अशा ऑनलाइन खेळात तुम्ही जगरनॉट हा हिरो (पात्र) खेळता, दर मॅचला गाईडमधलेच (गेममधल्या तयार यादीतले) आयटम त्याच क्रमाने, म्हणजे एकच बिल्ड, घेता (फेज बूट्स, बॅटल फ्युरी, मांटा) आणि तरी हरता. सोबतचे नुसतं "बिल्ड बदल, बिल्ड बदल" ओरडतात, पण काय बघून बदलायचा ते कोणी सांगत नाही. शेवटच्या हरलेल्या मॅचमधले दहाही हिरो तुम्ही लिहिलेत ते बरं केलंत. त्या मॅचवर शेवटी येतो.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी इमॉर्टल (सगळ्यात वरची रँक) वगैरे नाही, तिच्या दोन पायऱ्या खालच्या एन्शंटच्या वर कधी गेलो नाही. गाव अमळनेर तालुक्यातलं, शिक्षण जळगावात, डोटा शिकलो होस्टेलच्या लॅनवर, तोही वॉरक्राफ्ट ३ वर चालायचा तो जुना डोटा. त्या काळी गेममध्ये गाईड नव्हतं. वरच्या वर्गातला कोणीतरी मागे उभा राहून शिव्या देत "हे घे, ते घे" सांगायचा, तेच आमचं गाईड. त्यामुळे मीही बरीच वर्षं तुमच्यासारखाच खेळलो. मागचा माणूस बदलला की बिल्ड बदलायचा, मॅच बदलली म्हणून कधी नाही.

डोक्यात प्रकाश पडला तो गेममुळे नाही, कापसामुळे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे काय केलं ते खानदेशातल्या कोणालाही विचारा. त्या वर्षी आप्पा शेजारच्या वावरात जे औषध मारलं जायचं तेच दुकानातून आणून मारत होते. ते औषध होतं रसशोषक किडींचं : तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी. बोंडअळी बोंडाच्या आत बसलेली. वरून पंप रिकामे करा नाहीतर टँकर ओता, तिला काय फरक पडणार? आमचे नाना, म्हणजे थोरले काका, बांधावर उभे राहून म्हणाले, "पहिले देख कीड कोनती शे, मंग औषध लई ये." पुढच्या वर्षी त्यांनी वावरात कामगंध सापळे (वासाने पतंग ओढणारे) लावले. सापळ्यात रोज किती पतंग पडतात ते मोजायचं. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले तर फवारणी, नाहीतर पैसे खिशात.

डोटामध्ये हा सापळा तुम्हाला फुकट मिळतो. मेल्यावर डेथ समरी उघडते. तिच्यात कोणी किती मारलं (डॅमेज), त्यातलं फिजिकल (मुख्यतः साध्या वारांचं) किती, मॅजिकल (मुख्यतः स्पेलचं) किती, प्युअर (आर्मरने न अडणारं) किती आणि तुम्ही स्टनमध्ये (काहीच करता येत नाही अशा अवस्थेत) किती वेळ होतात, सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक जण तेवढ्या वेळात चॅटमध्ये सपोर्टच्या (संघातल्या मदतनीस खेळाडूच्या) घरच्यांची विचारपूस करतात. मी तुम्हाला एकच सवय लावायला सांगेन : मेलात की ती समरी वाचा आणि पुढचा आयटम त्यावरून ठरवा. गाईड हे बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचनांसारखं असतं. ते खोटं नसतं, पण तुमच्या वावरात यंदा काय पडलंय ते त्याला माहीत नाही.

समजा समरीत मॅजिकल जास्त दिसतंय. इथे नवे खेळाडू आर्मर घेतात आणि फसतात. आर्मरचा मॅजिक डॅमेजशी काही संबंध नाही. फिजिकलसाठी मात्र आर्मर सोन्यासारखं : एक पॉइंट आर्मर म्हणजे तुमच्या हेल्थला साधारण ६ टक्क्यांची जोड. १० आर्मरवर ३७ टक्क्यांच्या आसपास डॅमेज कमी होतं, २० वर ५४ च्या आसपास. लोक म्हणतात दुसऱ्या दहामध्ये कमी मिळालं. तसं नाही. टक्का हळू वाढतो, पण तुम्हाला मारायला लागणारे वार त्याच चालीने वाढत जातात. मॅजिकलसाठी बहुतेक हिरोंना मुळात २५ टक्के रेझिस्टन्स असतोच. त्यावर संघात कोणीतरी पाइप (मॅजिक थोपवणारा आयटम) घेतला की पाचही जणांना एक थर मिळतो. कोणीतरी एकाने. तीन जणांनी तीन पाइप घेतलेली मॅच मी पाहिली आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

समरीत डॅमेज फार नाही, पण स्टनचे सेकंद भरपूर आहेत, असं असेल तर प्रश्न जगण्याचा नाही, हात मोकळे राहण्याचा आहे. इथे तीन आयटम लोक एकमेकांत गोंधळतात. ब्लॅक किंग बार, म्हणजे बीकेबी, बहुतेक सगळं थोपवतो, पण दर वापराला त्याचा वेळ कमी होत जातो, म्हणून एकटा क्रिप (कॉम्प्युटरचे छोटे सैनिक) मारताना तो दाबणाऱ्याला मी माफ करत नाही. लिंकन्स स्फिअर फक्त तुमच्यावर नेम धरून टाकलेला स्पेल अडवतो. लीजन कमांडरचा ड्युएल, लायनचा फिंगर, डूमचा डूम, यांना तो चालतो. अ‍ॅक्सचा कॉल आजूबाजूच्या सगळ्यांवर पडतो, तिथे लिंकन्स म्हणजे दागिना. आणि मांटा किंवा यूल्स सायलेन्स झटकून टाकतात. सायलेन्समध्ये तुमचे स्पेल बंद होतात, आयटम नाही. हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता. पण स्टन पडल्यावर मांटाचं बटण दाबून उपयोग नाही, ते चालतच नाही. म्हणजे समोर सायलेन्सर असेल तर मांटा आणि समोर लायन असेल तर बीकेबी. गाईड दोन्ही नावं एकाखाली एक लिहून मोकळं होतं.

आता उलट बाजू. तुम्ही मरत नाही, पण समोरचाही मरत नाही. त्याची कारणं मोजकीच असतात. तुमचे वार हुकतायत, म्हणजे फँटम असॅसिन किंवा बटरफ्लाय घेतलेला कोणीतरी, तर मंकी किंग बार. समोरचा अंगच्या पॅसिव्हवर (आपोआप चालणाऱ्या शक्तीवर) तगतोय, ब्रिसलबॅक हे ठळक उदाहरण, तर सिल्व्हर एजचा ब्रेक, जो पॅसिव्ह बंद पाडतो. तो मारता मारता भरून निघतोय, हस्कर, अल्केमिस्ट, नेक्रोफॉस, तर हीलिंग कमी करणारे आयटम : स्पिरिट व्हेसल, किंवा कॅरीकडे (संघाच्या मुख्य मारणाऱ्याकडे) स्काडी, ऑफलेनकडे (अवघड लेनवर, म्हणजे रस्त्यावर, उभ्या राहणाऱ्याकडे) शिवाज. तो दिसतच नाही, तर डस्ट आणि सेंट्री. ५० गोल्डचा सेंट्री आणि ८० गोल्डचा डस्ट. चार हजारांचा आयटम जे करत नाही ते या दोन पुड्या करतात, पण आमच्याकडे गेमिंग झोनमध्ये त्या घ्यायच्या म्हटल्या की पोरांना कमीपणा वाटतो. लग्नात वाढपी व्हायला सांगितल्यासारखं.

मॅजिक वाँडबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्या लिस्टमध्ये ती कुठेच नव्हती. समोरच्याने तुमच्याजवळ स्पेल टाकला की तिच्यात एक चार्ज भरतो. वीस चार्ज झाले की बटण दाबताच ३०० हेल्थ आणि ३०० मॅना एका क्षणात मिळतो. किंमत सगळी मिळून ४५०. ब्रिसलबॅकसारखा दर तीन सेकंदांना काटे उडवणारा लेनमध्ये असेल तर तो स्वतःच तुमची वाँड भरून देतो. पहिल्या दहा मिनिटांत या एका आयटमने जितके जीव वाचवले तितके माझ्या बाकीच्या सगळ्या हुशारीने वाचवले नसतील.

एवढं वाचून दर मॅचला सगळंच बदलायला घेऊ नका. त्या खड्ड्यातही मी पडून झालोय. बदलायचं भूत नवीन नवीन डोक्यात होतं तेव्हा अ‍ॅक्स खेळत होतो. समोर मॅजिक दिसलं, पाइप घेतला. हीलिंग दिसलं, व्हेसल घेतलं. कॅरी जोरात मारायला लागला, त्याचे वार बंद पाडणारा हॅलबर्ड घेतला. तिन्ही बरोबरच होते, कागदावर. पण क्षणात शत्रूंच्या मधोमध उडी मारू देणारा ब्लिंक डॅगर घ्यायचा राहून गेला. अ‍ॅक्सकडे ब्लिंक नाही म्हणजे ट्रॅक्टर आहे पण नांगर नाही. लढाई सुरू करायला कोणीच नव्हतं, समोरचे आरामात येऊन टॉवर पाडत गेले. मे महिना होता, खोलीत कूलरसमोर माणसाऐवजी सीपीयू ठेवलेला, आणि जीजी (गुड गेम, म्हणजे हार मान्य) लिहिताना मला वाटत होतं की मी किती शहाण्यासारखा खेळलो. प्रत्येक हिरोचा एखादा आयटम असा असतो की त्याशिवाय तो हिरोच उभा राहत नाही. तो आधी. बाकीचे त्याच्यानंतरच्या जागा भांडून घेतील.

निर्णय लांबवता आला तर लांबवा, हा त्यातला एक छान मार्ग. यशा घेऊन ठेवली की ती पुढे मांटात जाते, किंवा सांगे-यशातही जाते. अर्न घेतला तर लागल्यास व्हेसल होतो, नाही लागला तर अर्नच राहतो. अर्धा आयटम हातात ठेवून दहा मिनिटं समोरच्यांचा रंग बघता येतो. शत्रू दिसला की त्याच्यावर क्लिक करून तो काय साठवतोय तेही बघत चला. आणि घाईत चुकीचं घेतलंत तर दहा सेकंदांच्या आत विका, पूर्ण पैसे परत मिळतात. अकराव्या सेकंदाला अर्धे.

कोणी म्हणेल मग मोठे खेळाडू तर काहीही घेऊन जिंकतात. २०१९ ला शांघायच्या द इंटरनॅशनल या जागतिक स्पर्धेत ओजी संघाच्या आना या खेळाडूने आयओ हा सपोर्ट हिरो कॅरी म्हणून खेळला आणि ओजीने कप नेला. त्यानंतर काही आठवडे आमच्या ओळखीतला प्रत्येक जण आयओ कॅरी खेळत होता आणि प्रत्येक जण हरत होता. आनाच्या मागे चार माणसं होती ज्यांना तो हिरो कधी येईल, तोवर किती वेळ काढायचा हे पाठ होतं. आमच्या मागे एक मिड (मधल्या लेनचा खेळाडू) होता ज्याला आईने दळण आणायला पाठवलं होतं.

आता तुमची मॅच. समोर फँटम असॅसिन, झ्यूस, ब्रिसलबॅक, लायन, लिच. तुमच्याकडे तुम्ही जगरनॉट, मिडला वायपर, ऑफलेनला अ‍ॅक्स, मागे डॅझल आणि क्रिस्टल मेडन. तुमची बॅटल फ्युरी २१ व्या मिनिटाला झाली आणि ३२ व्या मिनिटाला खेळ संपला.

पहिली चूक तिथेच. बॅटल फ्युरीचा पैसा लढाईत नाही, नंतरच्या फार्ममध्ये (क्रिप मारून गोल्ड कमावण्यात) वसूल होतो. लेन बरी गेली आणि ती लवकर झाली तर ठीक. लेन हरलात, टॉवर पडतायत, दर मिनिटाला कोणीतरी तुमच्या जंगलात फिरतोय, अशा वेळी ती पूर्ण करत बसणं म्हणजे सहा महिन्यांच्या कराराच्या वावरात केळी लावणं. घड येईपर्यंत वावर दुसऱ्याचं झालेलं असतं.

दुसरी चूक मांटा. लिच आणि झ्यूस असताना मांटाने बनलेल्या तुमच्या प्रतिमा किती सेकंद टिकतील? आणि लायनचा स्टन मांटाने सुटत नाही. तुम्ही म्हणाल जगरनॉटकडे ब्लेड फ्युरी (गरागरा फिरत मॅजिकपासून वाचवणारा स्पेल) आहे, मग बीकेबी कशाला. ब्लेड फ्युरी जीव वाचवायला छान, पण फिरत असताना नेहमीच्या वाराने फँटम असॅसिनला झोडता येत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच करायचं होतं. म्हणून वाँड, फेज, मग थेट बीकेबी, मग मंकी किंग बार. फार्म कमी पडेल, पडू दे.

सिल्व्हर एज घ्यायला हवा होता का, असं तुम्ही विचारलंत. नाही. तुमच्या मिडला वायपर होता. त्याच्या नेदरटॉक्सिनच्या डबक्यात ब्रिसलबॅकचं पॅसिव्ह आपोआप बंद पडतं. त्यासाठी हवा होता आयटम नाही, तर वायपरला एक मेसेज : डबकं क्रिपवर नको, ब्रिसलबॅकच्या पायाखाली टाक. बिल्ड ठरवताना स्वतःच्या चौघांकडे काय आहे ते आधी बघायचं हे इतकं साधं आहे, पण मीसुद्धा अजून अर्ध्या वेळा विसरतो.

सपोर्टमध्ये डॅझलला घोस्ट सेप्टर लवकर परवडला असता. फँटम असॅसिन अंगावर उडी मारते तेव्हा तो दाबला की तिचे वार लागतच नाहीत. मात्र त्या वेळात झ्यूसचा फटका जास्त बसतो, म्हणून झ्यूस कुठे उभा आहे ते बघूनच दाबायचा. क्रिस्टल मेडनला ग्लिमर (अदृश्य करणारा आयटम). आणि अ‍ॅक्सला ब्लिंक, हे मी आता कोणाला शिकवायला नको.